वय, स्मृती आणि रोगप्रतिकार : मालवण किनाऱ्यावरील साथींच्या इतिहासाचा एक विचार

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना बहुधा दोन गोष्टींची नोंद घेतली जाते : रोग कोणत्या मार्गाने आला आणि त्याने किती माणसे नेली. त्याने कोणत्या वयाची माणसे नेली, हा तिसरा प्रश्न मात्र तक्त्यांच्या तळाशी राहतो. वस्तुतः इतिहास आणि शरीरविज्ञान ह्यांना जोडणारा दुवा हा तिसरा प्रश्नच होय. एकाच मुलखात एका साथीत मुले मरतात, दुसरीत ऐन तारुण्यातील माणसे मरतात, तर तिसरीत मृत्यूचा रोख वृद्धांवर असतो. ह्या भेदाचे मूळ दारिद्र्यात, आहारात आणि वस्तीच्या दाटीत असते हे खरेच. परंतु आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर शरीराने कोणत्या रोगाची ओळख करून घेतली, ह्यातही ते तितकेच असते. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे जन्मतः मिळालेली आणि हळूहळू खर्च होत जाणारी एखादी ठेव नव्हे. ती एक स्मृती आहे. स्मृतीप्रमाणेच तिचे लेखन बालपणी सुलभ असते, उत्तर वयात दुष्कर होते, आणि जुने लिहिलेले मात्र दीर्घकाळ टिकते.

मालवणचा किनारा ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यासह मालवण १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून कंपनी सरकारकडे गेले आणि पुढे दीर्घकाळ ते रत्नागिरी जिल्ह्याचा भाग राहिले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ह्या किनाऱ्यावरील तरुण पोटासाठी मुंबईस जाऊ लागले. तेथील कापडगिरण्यांच्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. गावी राहिली ती मुले, स्त्रिया आणि म्हातारी माणसे. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी किनाऱ्यापासून दूर उभ्या राहत आणि उतारू पडावांतून बंदरावर उतरत. ह्याच वाटेने मनिऑर्डरीच्या आशेबरोबर रोगही येत असे आणि रोगावरील लसही येत असे. त्यामुळे मुंबईतील घटनांचा विचार केल्यावाचून मालवणच्या आरोग्याचा इतिहास सांगता येत नाही.

हिंदुस्थानातील लस टोचण्याचा इतिहास एका तीन वर्षांच्या मुलीपासून सुरू होतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या बालिकेस देवीची लस यशस्वी रीतीने टोचण्यात आली. ही लस बगदाद आणि बसरा ह्या मार्गाने मुंबईस पोचली होती. मुंबईहून ती पुढे हिंदुस्थानच्या इतर भागांत गेली. त्या काळी लस कुपीत टिकत नसे. एका बालकाच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडावर टोचावा लागे. ज्यास पूर्वी देवी येऊन गेल्या असतील अशा माणसाच्या शरीरात लस धरत नसे. म्हणून लस वाहून नेण्यास मुलेच लागत. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनहून निघालेल्या बाल्मिसच्या मोहिमेत २२ अनाथ मुलगे गलबतावर घेतले होते, ते ह्याच कारणास्तव. ज्या शरीराला त्या रोगाची स्मृती नाही, तेच शरीर लसीचे वाहन होऊ शकते, हे सत्य त्या काळच्या वैद्यांना उपपत्तीवाचून व्यवहारातून उमगले होते. कोकणात ह्या क्रियेस 'देवी काढणे' म्हणू लागले. रोग, देवता आणि लस ह्या तिन्हींस एकच शब्द वापरला गेला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तथापि ह्या प्रारंभाचा एक दूरगामी परिणाम झाला : लस ही बालवयाची बाब आहे, अशी समजूत शासन आणि समाज ह्या दोघांच्याही मनात रुजली.

ही समजूत अपुरी आहे हे युरोपात लवकरच दिसून आले. लहानपणी देवी काढलेल्या तरुणांना पुढे देवीचा रोग होऊ लागला, तेव्हा पुन्हा लस टोचण्याची आवश्यकता पटली आणि १८३४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात फेरलसीकरण सुरू झाले. मुंबई इलाख्यात मात्र १८७७ च्या लसीकरण कायद्याचाही भर बालकांवरच होता. ज्याची एकदा देवी काढली तो कायमचा सुटला, असाच सामान्य समज होता.

रोगाची स्मृती किती काळ टिकते, ह्याचे अभिजात उदाहरण दुसऱ्या एका मच्छीमारांच्या मुलखातून मिळते. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर तब्बल पासष्ट वर्षे तेथे गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या वर माणसे आजारी पडली. तेथे पाठविलेला तरुण डॅनिश वैद्य पीटर लुडविग पानुम ह्याच्या निदर्शनास असे आले की, १७८१ च्या साथीतून वाचलेल्या वृद्धांपैकी एकासही हा रोग पुन्हा झाला नाही. उलट ज्या वृद्धांना बालपणी गोवर आला नव्हता, ते तरुणांप्रमाणेच आजारी पडले. वार्धक्य हे एकटे संरक्षण देत नाही आणि ते हिरावूनही घेत नाही. वृद्धाच्या शरीरात बालपणीचे काय नोंदलेले आहे, ह्यावर निर्णय अवलंबून असतो.

ह्या नोंदीची यंत्रणा कोणती, ह्याचा पहिला मोठा शोध एली मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने घेतला. शरीरातील काही कोशिका परक्या जंतूंना गिळून टाकतात, हे त्याने दाखविले आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख ह्याच्यासमवेत मिळविले. रोगप्रतिकाराचा हा अभ्यासक वार्धक्याचाही अभ्यासक होता. वार्धक्याच्या शास्त्रास इंग्रजी आणि फ्रेंच भाषांत आज जे नाव रूढ आहे ते १९०३ मध्ये त्यानेच सुचविले. शरीराचे रक्षण करणाऱ्या भक्षक कोशिकाच उतारवयात शरीराच्या नाजूक भागांवर उलटतात, अशी त्याची कल्पना होती. तपशिलात ती टिकली नाही. परंतु रक्षण आणि जरा ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, हा तिचा गाभा मात्र आजच्या शास्त्राने वेगळ्या रूपात स्वीकारला आहे.

ह्याच मेचनिकॉफचा ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हा होय. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि लवकरच हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. दरम्यान मुंबईतून लक्षावधी माणसे बाहेर पडली आणि आगबोटींनी कोकणात उतरू लागली. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने उतारूंची तपासणी करण्याचे आणि त्यांना अडकवून ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले.

प्लेगच्या काळात रोगाशी सामना करण्याच्या दोन रीती समोरासमोर आल्या. वस्ती सोडून रानात झोपड्या बांधून राहणे ही एक, आणि शरीरालाच रोगाची आगाऊ ओळख करून देणे ही दुसरी. पहिली रीत ह्या किनाऱ्याला परकी नव्हती. मालवण तालुक्यातील आचरे येथे आजही काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल मिळाल्यावर, सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. ह्या गावपळणीचा उगम साथीत आहे असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. परंतु घरे मोकळी टाकून बाहेर राहण्याचा सराव लोकांच्या अंगवळणी होता एवढे त्यावरून दिसते. दुसरी रीत मात्र नवी होती. ह्या नव्या रीतीविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गुरूने रोगप्रतिकार आणि वार्धक्य हे दोन प्रश्न एकत्र पाहिले होते. शिष्याने, आणि त्याच्या मागोमाग आलेल्या सर्व सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने, त्यांतला पहिलाच प्रश्न हाती घेतला. समोर मृत्यू थैमान घालीत असता ते स्वाभाविकही होते. परंतु वेगळे झालेले हे दोन प्रश्न पुन्हा एकत्र येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

ह्या दरम्यान १९१८ ची साथ आली. महाराष्ट्रात ती 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाचा शिरकाव झाला. पहिली लाट सौम्य होती; सप्टेंबर-ऑक्टोबरातील दुसरी लाट प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पावसाळ्यात बंद असलेली कोकणची बंदरे उघडण्याचेही हेच दिवस. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे मेली. साऱ्या हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात.

ह्या साथीने मृत्यूचा नेहमीचा क्रम उलटा केला. इन्फ्लुएंझा सामान्यतः तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना नेतो. १९१८ मध्ये सर्वांत जड आघात २० ते ४० ह्या वयावर झाला, आणि त्यातही स्त्रियांवर अधिक. ज्यांच्या कमाईवर घर चाले आणि ज्यांच्या मागे लहान मुले होती, तीच माणसे गेली. कोकणातील घरांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ उघड आहे : मुंबईतील मिळवता आणि गावातील तरणी सून हे दोघेही धोक्याच्या वयात होते, आणि म्हातारा-म्हातारीच्या वाचण्याची शक्यता तुलनेने अधिक होती.

असे का घडले ह्याविषयी पुढील संशोधनाने जे उत्तर सुचविले ते स्मृतीशीच निगडित आहे. इन्फ्लुएंझाचे विषाणू रूप बदलतात. ज्या रूपाशी बालपणी प्रथम गाठ पडते, त्याचा ठसा शरीरावर सर्वांत खोल उमटतो आणि पुढील प्रत्येक प्रतिकार त्या ठशाच्या वळणाने होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस फ्रान्सिस ह्याने १९६० मध्ये ह्या घटनेस 'आद्य प्रतिजनाचे पाप' असे काहीसे धर्मशास्त्रीय नाव दिले. १९१८ मध्ये जे वृद्ध होते त्यांच्या बालपणी त्या साथीच्या विषाणूशी साम्य असलेला विषाणू फिरत असावा. जे तिशीच्या आसपास होते त्यांचा पहिला ठसा १८८९-९० च्या साथीतील भिन्न विषाणूचा असावा आणि तो निरुपयोगी ठरला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ह्या मतास पुष्टी देणारे पुरावे नंतरच्या काळातही मिळाले. १९६८ च्या साथीत अतिवृद्धांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच आढळली. १९७७ मध्ये वीस वर्षे नाहीसा झालेला विषाणू परतला, तेव्हा तो मुख्यतः पंचविशीच्या आतील लोकांनाच झाला. कारण त्याहून मोठ्यांची त्याच्याशी जुनी ओळख होती.

तथापि स्मृतीच्या उपपत्तीने १९१८ चे सर्व स्पष्टीकरण होत नाही. मुंबई शहरात युरोपियनांचा मृत्युदर दर हजारी ८.३ होता, तर अधिकृत तक्त्यात 'खालच्या जाती' म्हणून दाखविलेल्या हिंदूंचा ६१.६ होता. एवढे मोठे अंतर विषाणूच्या ठशाने पडत नाही. ते अन्न, चाळ आणि शुश्रूषा ह्यांच्या अभावाने पडते. त्या वर्षी पाऊस अपुरा झाला होता आणि धान्य महागले होते. कुपोषणाने प्रतिकाराची इंद्रियेच खंगतात, हे आज सिद्ध आहे. म्हणजे वर्ग आणि जात ह्यांचा परिणामही अखेर शरीराच्या ह्याच यंत्रणेतून प्रकट होतो.

ही यंत्रणा विसाव्या शतकाच्या मध्यास उलगडली. १९५७ मध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट ह्याने असे प्रतिपादन केले की, शरीरात असंख्य प्रकारच्या लसीका कोशिका आधीच तयार असतात; जंतू येताच त्यांतील नेमकी जुळणारी कोशिका निवडली जाऊन तिची संतती वाढते, आणि त्या संततीतील काही कोशिका स्मृती म्हणून मागे राहतात. १९६१ मध्ये जॅक मिलर ह्याने छातीतील थायमस ह्या तोवर निरुपयोगी मानलेल्या ग्रंथीचे कार्य दाखवून दिले. ह्या ग्रंथीस मराठी परिभाषेत 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात, आणि हे नाव अत्यंत समर्पक आहे. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही लसीका कोशिका तेथे येऊन शिक्षण घेतात आणि स्वकीय-परकीय हा विवेक शिकून बाहेर पडतात. ही पाठशाळा बालपणी भरभराटीत असते. तारुण्याबरोबर ती आकसू लागते आणि साठीच्या पुढे तिच्या जागी बहुतांशी चरबीच उरते. नव्या, अननुभवी कोशिकांचा पुरवठा त्यामुळे आटतो. जुन्या स्मृतिकोशिका राहतात, परंतु अपरिचित जंतू आला तर त्याच्याशी जुळणारी कोशिका सापडणे कठीण होते. प्रतिपिंडे उशिरा, कमी प्रमाणात आणि कमी नेमकी तयार होतात. शिवाय शरीरात एक मंद, सततचा दाह धुमसत राहतो. तो जंतूंचा नाश करण्याऐवजी रक्तवाहिन्या आणि अवयव ह्यांचीच झीज करतो. १९६९ मध्ये रॉय वॉलफोर्ड ह्याने रोगप्रतिकार आणि जरा ह्यांचा संबंध सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मेचनिकॉफचे दोन प्रश्न पुन्हा एकत्र आले. किनाऱ्यावरील वृद्ध तांडेल चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेला प्रत्येक खडक अंधारातही चुकवितो, परंतु नव्याने साचलेल्या वाळूच्या दांड्यावर त्याची होडी अडते. वृद्ध शरीराची स्थिती काहीशी अशीच असते.

ह्या स्थितीचे परिचित उदाहरण म्हणजे नागीण. बालपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. प्रतिकाराचा पहारा जागा असेपर्यंत तो दबलेला असतो. उतारवयात पहारा सैल झाला की तो मज्जातंतूच्या वाटेने नागिणीच्या रूपाने बाहेर पडतो. एडगर होप-सिम्पसन ह्या इंग्लंडमधील ग्रामीण वैद्याने १९६५ मध्ये आपल्याच रुग्णांच्या दीर्घ नोंदींवरून हा संबंध मांडला. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो, ही लोकसमजूत निराधार आहे. परंतु ह्या रोगाची आणि वार्धक्याची सांगड लोकानुभवानेही घातली होती, हे नाकारता येत नाही.

एकविसाव्या शतकातील तीन प्रसंगांनी हा विचार पुस्तकातून बाहेर आणला. २००९ च्या इन्फ्लुएंझाने ऑगस्ट महिन्यात पुण्यात देशातील पहिला बळी घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. ह्या साथीतही वृद्धांना तुलनेने कमी लागण झाली. १९१८ च्या विषाणूच्या वंशजांशी त्यांची बालपणी गाठ पडलेली होती. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागांत आणि रानात वावरणाऱ्या लोकांत माकडतापाची साथ उद्भवली. हा रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर येथे प्रथम ओळखला गेला होता. त्यावरील लस ७ ते ६५ ह्या वयोगटासाठी होती, वारंवार टोचावी लागे, आणि तिची परिणामकारकता अपुरी ठरून पुढे तिचा वापर थांबला. पासष्टीच्या पुढचा शेतकरी रानात जाण्याचे थांबवीत नाही. लसीच्या नियमांत मात्र तो नव्हता.

तिसरा प्रसंग २०२० चा. कोविडचा विषाणू कोणत्याही वयाच्या शरीरास परिचित नव्हता. १९१८ मध्ये वृद्धांच्या पाठीशी स्मृती होती. २०२० मध्ये ती कोणाच्याच पाठीशी नव्हती, आणि म्हणून केवळ यंत्रणेचे वय निर्णायक ठरले. मुले बहुधा सुखरूप राहिली, वृद्ध मोठ्या संख्येने गेले. सत्तरीपुढील सुमारे ४ टक्के लोकांत विषाणूरोधक इंटरफेरॉन ह्या द्रव्याविरुद्ध स्वतःच्याच शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे आढळली; म्हणजे रक्षण करणारी व्यवस्थाच स्वतःची शत्रू झालेली होती. मेचनिकॉफच्या जुन्या कल्पनेची येथे आठवण होते. १८९७ प्रमाणेच ह्याही वेळी मुंबईतील चाकरमानी गावाकडे निघाले. वेशीवर आणि शाळांत त्यांना थांबवून ठेवण्यात आले, आणि त्यातून घराघरांत कटुता आली. त्या कटुतेच्या मुळाशी एक खरी भीती होती : येणारे तरुण होते आणि घरी राहिलेले वृद्ध होते.

१ मार्च २०२१ रोजी साठीपुढील सर्वांसाठी लस खुली झाली. आरोग्यसेवक आणि आघाडीवरचे कर्मचारी ह्यांच्यानंतर लगेच वृद्धांचा क्रम लावण्यात आला. तरुणांना त्यांच्यामागून आणि मुलांना सर्वांत शेवटी. १८०२ मध्ये तीन वर्षांच्या मुलीपासून सुरू झालेला क्रम अशा रीतीने उलटला. १० जानेवारी २०२२ रोजी, हाफकिनच्या प्रयोगास बरोबर १२५ वर्षे होत असता, वृद्धांना तिसरी मात्रा देण्यास प्रारंभ झाला. जीर्ण स्मृतीस उजाळा द्यावा लागतो, हे प्रशियाच्या सैन्यात १८३४ मध्ये पटलेले तत्त्व येथे वृद्धांच्या बाबतीत मान्य झाले.

हा बदल तात्पुरता ठरावा की कायमचा, हा प्रश्न ह्या किनाऱ्यापुरता तरी केवळ शास्त्रीय नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. राज्याच्या तुलनेने येथे वृद्धांचे प्रमाण अधिक आहे. तरुण बाहेर जातात आणि निवृत्त होऊन परततात. गावात उरते ते बहुधा यौवनलोपी ग्रंथी लोपलेल्यांचे कुटुंब. त्याच वेळी सार्वजनिक लसीकरणाची नियमित व्यवस्था प्रामुख्याने बालके आणि गर्भवती ह्यांच्यासाठी उभारलेली आहे. वृद्ध शरीर काहीच नवे शिकत नाही असे नव्हे. नागिणीवर २०१७ पासून उपलब्ध झालेली नवी लस सत्तरीपुढील व्यक्तींतही सुमारे ९० टक्के परिणामकारक आढळली आहे, आणि पासष्टीपुढील लोकांसाठी चौपट प्रतिजन असलेली इन्फ्लुएंझाची लस काही देशांत २००९ पासून वापरात आली. योग्य रीतीने शिकविले तर उतारवयातही स्मृती लिहिली जाते. मात्र तिला अधिक ठळक अक्षर लागते.

मालवण किनाऱ्याच्या दोन शतकांच्या इतिहासातून निष्पन्न होणारा निष्कर्ष इतकाच की, साथीचा सामना करताना रोगाचे नाव जितके महत्त्वाचे असते, तितकेच त्या गावातील माणसांचे वय आणि त्यांच्या शरीरातील जुन्या नोंदी महत्त्वाच्या असतात. ज्या मुलखाने आपली तरुणाई मुंबईस दिली आणि वार्धक्य स्वतःकडे ठेवले, त्या मुलखाच्या आरोग्याची मांडणी केवळ पाळण्यापासून करून चालणार नाही. ती ओसरीवर बसलेल्या वृद्धांपासूनही करावी लागेल.